काळ्या वाळूत लपलेले जीव कसे शोधावेत: लेंबे सामुद्रधुनीसाठी तयारी आणि पद्धत

इंडोनेशियाच्या उत्तर सुलावेसीत बितुंग बंदर आणि लेंबे बेट यांच्यामध्ये समुद्राचा एक चिंचोळा पट्टा आहे. लांबी साधारण १६ किलोमीटर, रुंदी एक-दोन किलोमीटर. तळाला ज्वालामुखीची काळी वाळू, आणि वाळूवर करवंट्या, बाटल्या, दोरखंड, जुने टायर. रंगीबेरंगी प्रवाळ बघायला सरावलेला माणूस इथे उतरला की पहिली दहा मिनिटं त्याला नुसती वाळू दिसते. तेवढ्यात गाइडने चार जीव दाखवलेले असतात, आणि त्यातला एखादा तांदळाच्या दाण्याएवढा असतो. कोणता जीव कशाच्या आधाराने राहतो हे गाइडला पाठ असतं, म्हणून तो मुळात योग्य जागीच बघत असतो. वाळू-गाळावरच्या अशा डायव्हिंगला 'मक डायव्हिंग' म्हणतात. त्यातली शोधायची पद्धत शिकून घेता येते, फक्त ती क्रमाने शिकावी लागते.

जाण्याआधी

तारकर्ली-मालवणला पर्यटकांना देतात त्या छोट्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक तुम्हाला धरून असतो. समुद्राची भीती घालवायला ती उत्तम, पण लेंबेसाठी ती अनुभवात धरू नका. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र हवंच, कारण त्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं आणि लेंबेतले बहुतेक जीव ५ ते २० मीटरमध्येच असतात. पिग्मी सीहॉर्ससारखे (चिमुकले समुद्रघोडे) काही जीव मात्र बऱ्याचदा त्याखाली मिळतात. त्यासाठी ३० मीटरची मुभा देणारं अ‍ॅडव्हान्स्ड प्रमाणपत्र घ्या. कर्नाटकातल्या नेत्राणीला किंवा अंदमानातल्या स्वराज द्वीपला निदान पंचवीस-तीस डाइव्ह पदरी असाव्यात. त्याआधी गेलात तर सगळं लक्ष स्वतःला सांभाळण्यात जाईल.

जीव भरपूर दिसण्यासाठी जुलै ते ऑक्टोबर हा काळ चांगला. पाणी मात्र त्या दिवसांत थंड, २५-२६ अंशांपर्यंत उतरतं. एरवी ते २८-२९ असतं. मनाडोच्या विमानतळावरून बितुंगला गाडीने तासा-दीड तासात पोचता येतं.

नजरेचा सराव घरबसल्या, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावर होतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी सर्वांत लांबवर जाते. मुंबईत ही ओहोटी साधारण पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते. हिवाळ्यात खडकाळ किनाऱ्यावर एका डबक्याशी वीस मिनिटं न हलता बसा आणि फक्त बघा. पहिल्या पाच मिनिटांत शंख दिसतील, मग त्यातले काही शंख चालताना दिसतील, मग खडकाच्या रंगाचा खेकडा, आणि नशिबात असेल तर एखादी न्यूडिब्रँक, म्हणजे बिनशंखाची समुद्री गोगलगाय. लेंबेत हेच करायचं असतं, फक्त पाण्याखाली.

वजन आणि बॉयन्सी (पाण्यातला तरंगण्याचा तोल): इथे आळस नको

लेंबेत फसणाऱ्यांपैकी बहुतेकांची चूक एकच असते, बुडण्यासाठी कमरेला बांधतात ते शिशाचं वजन जास्त. वजन जास्त झालं की ते सावरायला बीसीडीत, म्हणजे हवा भरायच्या जाकिटात, जास्त हवा भरावी लागते. हवा छातीपाशी, शिसं कमरेशी. त्यामुळे पाय खाली लोंबतात. पाय खाली गेले की प्रत्येक किकबरोबर फिन्स (पायातली वल्ही) वाळूवर हवा मारल्यासारखं पाणी ढकलतात. काळी वाळू बारीक असते, ती उडाली की लवकर बसत नाही. मागून येणाऱ्याला काही दिसत नाही, फोटोत पांढरे ठिपके येतात, आणि वाळूत पुरलेल्या जिवाच्या अंगावरचं पांघरूणच निघतं.

वजनाची चाचणी डाइव्हच्या शेवटी घ्या. सिलिंडरमध्ये ५० बार उरले असताना ५ मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येताना थोडं थांबतात तिथे) बीसीडी पूर्ण रिकामं करा. नेहमीसारखा श्वास घेत जागच्या जागी राहता आलं तर वजन बरोबर. बुडत असाल तर पुढच्या डाइव्हला एक किलो काढा. भरलेल्या सिलिंडरने सुरुवातीलाच चाचणी घेतली तर २ किलो जास्त धरावे लागतात, कारण ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरमधली २०० ते ५० बारपर्यंतची हवा जवळपास तेवढ्या वजनाची असते. ३ मिलिमीटरच्या वेटसूटवरून ५ मिलिमीटरच्या सूटवर गेलात तर एक-दोन किलो वाढतील, हेही लक्षात ठेवा.

मग हा सराव करा, लेंबेला पोचण्याआधीच:

१. मोकळ्या वाळूवर, ५ मीटर खोलीवर, वाळूपासून ३० सेंटिमीटर वर आडवे व्हा. हात छातीशी बांधलेले, फिन्स स्थिर. पाच मिनिटं तसंच राहा.

२. फक्त श्वासाने २०-३० सेंटिमीटर वर जा आणि खाली या. बीसीडीच्या बटणाला हात नको. श्वास मात्र कधीच रोखून धरू नका. तो लांबवायचा, थांबवायचा नाही.

३. डोकं किंचित खाली, गुडघे वाकवलेले आणि फिन्स वर, अशी ठेवण अंगात भिनू द्या. पुढे जायचं ते फ्रॉग किकने, म्हणजे बेडकासारखं, पाणी मागे ढकलत.

४. मागे सरकायला शिका. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात उपयोगी. ज्याला मागे जाता येत नाही तो फोटो काढून झाल्यावर जिवाच्या अंगावरून वळतो आणि फिन मारून जातो.

सोबत काय घ्यावं

सूट ५ मिलिमीटरचा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वर हूडही. पाणी २६ अंश असलं तरी तासभर जवळजवळ न हलता राहायचं असतं, त्यामुळे ३ मिलिमीटरच्या सुटात चाळिसाव्या मिनिटाला हुडहुडी भरते आणि हवा भराभर संपते.

टॉर्च दिवसाही लागतो. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच विरतो, त्यामुळे लालभडक फ्रॉगफिश १५ मीटरवर मातकट दिसतो. अरुंद झोताचा टॉर्च घ्या, कारण रुंद झोतात सगळंच सारखं उजळतं आणि काही नजरेत भरत नाही. रात्रीसाठी त्यात लाल प्रकाशाची सोय असावी. चाळिशी लागलेल्यांनी मास्कमध्ये जवळचं दिसणाऱ्या भिंगाची सोय करून घ्यावी. पाच मिलिमीटरचा जीव गाइड दाखवतो आणि दिसत नाही, यासारखी हळहळ नाही.

धातूची ३०-४० सेंटिमीटरची काडी बरेच जण बाळगतात. मोकळ्या वाळूत टोक टेकवून तोल सांभाळणं, एवढंच तिचं काम.

हवेचं गणित

लेंबेतली डाइव्ह ६० मिनिटांची किंवा जास्तही असते. समजा पृष्ठभागावर तुम्हाला मिनिटाला १५ लिटर हवा लागते. १५ मीटरवर दाब अडीच पट, म्हणजे साडेसदतीस लिटर. २०० ते ५० बारमधली १६६५ लिटर हवा ४४ मिनिटांत संपेल. ८ मीटरवर दाब १.८ पट, लागतात २७ लिटर, आणि तीच हवा एक तास पुरते. म्हणून खोलवरचा भाग आधी उरका आणि शेवटची वीस-पंचवीस मिनिटं ५ ते ८ मीटरवर घालवा. उतारावरच्या जागांवर हे सहज जमतं. दिवसाला तीन-चार डाइव्ह करणार असाल तर नायट्रॉक्स ३२, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजनची हवा घ्यावी. त्याची खोलीची मर्यादा ३३ मीटर, आणि इथे तेवढं खोल जायची गरज पडत नाही.

आधी घर शोधा, मग राहणारा

पहिला पिग्मी सीहॉर्स १९६९ मध्ये न्यू कॅलेडोनियात मिळाला तो असाच. जॉर्ज बार्जिबां मत्स्यालयासाठी सी फॅन (पंख्यासारखं प्रवाळ) गोळा करत होते, आणि तो काढून आणल्यावर त्यावर हे दोन सेंटिमीटरचे समुद्रघोडे चिकटलेले दिसले. नुसता समुद्रघोडा शोधायला निघालेल्याला तो आयुष्यभर दिसला नसता. घर सापडलं तर राहणारा सापडतो. पुढची यादी तोंडपाठ करून जा.

म्युरिसेला जातीचा सी फॅन दिसला तर बार्जिबांच्या नावाचा पिग्मी सीहॉर्स शोधा. त्याच्या अंगावरच्या गाठी सी फॅनच्या मिटलेल्या कळ्यांसारख्याच असतात. फांदीच्या रेषेत न बसणारा, किंचित वाकलेला भाग बघा; तो शेपूट असते. पोंटोही नावाचा दुसरा चिमुकला प्रकार सी फॅनवर नसतो, भिंतीवरच्या शेवाळात आणि हायड्रॉइडच्या (झुडपासारख्या बारीक समुद्री जिवांच्या) झुपक्यांत असतो. हेन्से पोंटोह या इंडोनेशियन डाइव्ह गाइडच्या नावावरून २००८ मध्ये त्याचं नामकरण झालं. न्यूडी फॉल्सची भिंत दोन्हींसाठी बघण्याजोगी.

क्रिनॉइड या पिसांसारख्या बाहूंच्या समुद्री जिवाच्या पिसांलगत, डोकं खाली करून तरंगणारा ऑर्नेट घोस्ट पाइपफिश असतो. बहुधा जोडी असते; मोठी ती मादी, आणि अंडी तीच सांभाळते, पोटाखालच्या परांच्या ओंजळीत. सी ग्रासचं तुटलेलं पान पाण्याबरोबर हलत असेल आणि शेजारी तसंच दुसरं पान असेल, तर तो रोबस्ट घोस्ट पाइपफिश असण्याची शक्यता मोठी.

फायर अर्चिन या काटेरी, गोलसर जिवावर, जिथे काटे नाहीत असा छोटा मोकळा गोल दिसला, तर तिथे कोलमन कोळंब्यांची जोडी असते. त्याच अर्चिनवर झेब्रा खेकडाही असतो. समुद्रकाकडीच्या पाठीवर आणि पोटाशी एम्परर कोळंबी, तसंच ठिपक्यांचा चिमुकला खेकडा. समुद्रकाकडीला उलटी करू नका. खाली वाकून टॉर्चचा झोत कडेने टाका. बबल कोरलमध्ये तांबूस केसांचा ओरांगउटान खेकडा, मऊ प्रवाळात गुलाबी-पांढरा कँडी खेकडा, बॅरल स्पंजच्या पन्हळींत गुलाबी केसाळ स्क्वॉट लॉबस्टर. व्हिप कोरलची काठी टोकापासून बुडापर्यंत हळू तपासा: गोबी मासा आणि झेनो खेकडा तुम्ही आलात की काठीच्या पलीकडच्या बाजूला सरकतात, म्हणून दुसरा हात पलीकडे धरा, काठीला न लावता. बहुतेकदा ते पुन्हा तुमच्या बाजूला येतात. पानासारख्या हिरव्या शेवाळावर बारीक पांढरे-हिरवे ठिपके दिसले तर भिंग लावा. मेंढीसारखं तोंड असलेली कोस्टासिएला ही समुद्री गोगलगाय ती हीच. ती खाल्लेल्या शेवाळातलं हरितद्रव्य अंगात जपून ठेवते.

करवंटी, बाटली, डबा यांच्या तोंडाशी मात्र नेहमी थांबा. नारळी ऑक्टोपस दोन करवंट्या ओढून घेऊन त्यात मिटून बसतो. करवंटीच्या आतल्या बाजूला मण्यांसारखी पांढरट अंडी असतील तर ती फ्लॅम्बॉयंट कटलफिशची असू शकतात. करवंटी उलटू नका. झाकण उघडं पडलं की मासे अंडी फस्त करतात.

वाळूत शोधायची रीत

वेग मिनिटाला दोन-तीन मीटर. याहून जलद गेलात तर तुम्ही पोहताय, शोधत नाही. समोरच्या दोन मीटरच्या पट्ट्यावर नजर डावीकडून उजवीकडे न्या आणि दर दोन-तीन किकनंतर थांबा. थांबल्यावरच हालचाल दिसते. लाटेबरोबर सगळं एकाच तालात डोलतं. जे त्या तालात नाही, ते जिवंत आहे.

खुणा वाचायला शिका. वाळूतल्या भोकाबाहेर शिंपल्यांचे तुकडे आणि खेकड्याच्या नांग्या साचल्या असतील तर आत ऑक्टोपस जेवून बसलाय. रिबिनीसारखी वळणदार अंड्यांची माळ दिसली तर तिच्या आसपास हातभर अंतरात न्यूडिब्रँक शोधा. वाळूत दोन समांतर काळे ठिपके म्हणजे डोळे असू शकतात: पुरलेला मासा, मँटिस कोळंबी किंवा काटे असलेला डेव्हिलफिश.

फ्रॉगफिश हा सगळ्यात चकवणारा, म्हणून त्याच्यासाठी जरा वेळ द्या. तो स्पंजच्या रंगाचा होतो, स्पंजच्या छिद्रांसारखे ठिपके अंगावर असतात, आणि तासन् तास हलत नाही. त्याच्या अंगाकडे बघू नका, पंजे शोधा. पुढचे पर कोपरासारखे वाकलेले असतात आणि त्यांनी त्याने स्पंज किंवा दोर धरलेला असतो. स्पंजला हात नसतात. मग कोपराच्या मागचं छोटं गोल भोक बघा. तिथून तो पाणी बाहेर सोडतो. शेवटी तोंड: वर बघणारी, खाली झुकलेल्या कोपऱ्यांची रेघ. या तीन गोष्टी जुळल्या की मासा एकदम उठून दिसतो आणि मग तो आधी कसा दिसला नाही याचं नवल वाटतं. केसाळ फ्रॉगफिश मोकळ्या वाळूत शेवाळाच्या झुपक्यांत बसतो; त्याच्या कपाळावरचं अळीसारखं आमिष हलताना दिसतं. भक्ष्य गिळायला त्याला सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षाही कमी वेळ लागतो, त्यामुळे तो क्षण टिपायची आशा धरू नका. जांभई मात्र सावकाश देतो.

वेळ

मिमिक ऑक्टोपस दिवसा मोकळ्या वाळूत भटकतो. १९९८ मध्ये सुलावेसीच्या किनाऱ्याजवळ तो प्रथम लक्षात आला आणि शास्त्रीय नाव मिळायला २००५ उजाडलं. त्याच्यासारखाच पट्टेरी वंडरपस पहाटे आणि सांजवेळी बाहेर पडतो. मँडरिनफिशसाठी बियांका या जागी सूर्यास्ताआधी पोचून मोडक्या प्रवाळांपाशी स्थिर राहा. नर-मादी पोटाला पोट लावून काही सेकंद वर उठतात आणि विखुरतात. पांढरा टॉर्च मारलात तर त्या संध्याकाळचा खेळ संपला, लाल प्रकाशच वापरा. बॉबिट वर्म (वाळूत पुरून राहणारा लांब किडा), स्टारगेझर मासा, बॉबटेल स्क्विड हे रात्रीचे. बॉबिट वाळूतून फक्त जबडे बाहेर काढून बसतो, तिथे बोट दाखवायलाही जवळ नेऊ नका.

गाइडला आदल्या रात्री चार-पाच जिवांची यादी द्या, वीसची नव्हे. दोघांमागे एक गाइड मागा. चारांवर गेलं की रांग लागते आणि सगळेच घाई करतात.

सापडल्यावर

दोन मीटरवर थांबा, श्वास मंदावू द्या, मग समोरून नव्हे तर किंचित बाजूने जा. जिवाच्या पाठीमागे वाळूत किंवा स्पंजवर तुमचा हात टेकणार नाही इतकी जागा आहे ना, हे आधी बघा. मोठ्या कॅमेऱ्यावर ६० किंवा १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स, एफ १६ च्या आसपास, शटर १/२००, आयएसओ १०० ते २००. स्ट्रोब (पाण्याखालचे फ्लॅश) थोडे बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणजे पाण्यातला गाळ उजळत नाही. पिग्मी सीहॉर्सचे पाच फोटो काढून बाजूला व्हायचं, हा पुष्कळ डाइव्ह सेंटरांचा नियम आहे आणि तो पाळाच. त्याला पापण्या नसतात, मिटून घ्यायला काही नाही.

जिवाला काडीने हलवून, जागेवरून उचलून 'नीट' बसवणं हे काही गाइड पाहुण्यांच्या हौसेपोटी करतात. पाण्यात उतरण्याआधीच स्पष्ट सांगा की असं नको. डिवचलेला जीव लगेच ओळखू येतो. फ्लॅम्बॉयंट कटलफिश एरवी वाळूच्या रंगाचा असतो. जांभळा-पिवळा झगमगाट बऱ्याचदा तो बिथरल्याचं लक्षण असतं. ब्लू रिंग ऑक्टोपसची निळी वलयं लखलखू लागली की मागे सरका.

हात कुठे ठेवायचा नाही

कुठेच नाही, असंच धरून चाला. स्टोनफिश, डेव्हिलफिश, स्कॉर्पिअनफिश हे वाळूत पुरलेले असतात, आणि गुडघा टेकणाऱ्यालाच काटा लागतो. असा काटा लागला तर काळजीपूर्वक वर या आणि तो भाग सहन होईल इतक्या गरम पाण्यात ठेवा, ४५ अंशांच्या वर नको, ३० ते ९० मिनिटं. पाण्याचा अंदाज न दुखावलेल्या हाताने घ्या; दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. पट्टी आवळून बांधू नका.

ब्लू रिंग ऑक्टोपस आणि कोन शंख यांचं उलट. दंश दुखेलच असं नाही, पण स्नायू लुळे पडून श्वास बंद होऊ शकतो. दंशाच्या अवयवावर दाबपट्टी बांधून तो स्थिर ठेवा, माणसाला हलू देऊ नका, आणि श्वास थांबला तर इस्पितळात पोचेपर्यंत कृत्रिम श्वास देत राहा. माणूस शुद्धीत असतो, फक्त हलू शकत नाही. त्याच्याशी बोलत राहा.

वर आल्यावर

लॉगबुक त्याच दिवशी भरा. जिवाचं नाव, खोली, वेळ, पाण्याचं तापमान आणि मुख्य म्हणजे तो कशावर होता. दहा-बारा डाइव्हनंतर ही शेवटची नोंद तुमची स्वतःची यादी बनते, आणि त्याच जागी पुन्हा उतरल्यावर गाइडच्या आधी तुम्ही योग्य स्पंजपाशी थांबता. नाव नक्की नसेल तर घराचं नाव लिहा. फोटोवरून जीव नंतर ओळखता येतो, घर आठवत नाही.

शंख, प्रवाळाचे तुकडे, वाळलेले समुद्रघोडे यातलं काही बॅगेत टाकू नका. भारतात समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. शेवटची डाइव्ह आणि परतीचं विमान यांत निदान १८ तास ठेवा. तो दिवस जवळच्या तांगकोको जंगलात टार्सिअर (मोठ्या डोळ्यांचा, माकडाचा चिमुकला नातलग) बघायला चांगला जातो.